मधल्या बाकावरचे एतिएनराव

हॅम्बर्गच्या बंदरातून एल्बे नदीवर जी फेरीबोट सुटते, तिच्या वरच्या मजल्यावर तेव्हा बाकांच्या तीन रांगा होत्या. सकाळी कामाला जाताना उजवीकडच्या रांगेतून टेकडीवरचे श्रीमंतांचे बंगले दिसायचे आणि डावीकडच्या रांगेतून क्रेन आणि कंटेनर. मधल्या रांगेतून दोन्ही बाजूंच्या लोकांची डोकी तेवढी दिसायची. एतिएनराव मधल्या रांगेत बसायचे. पाऊस असो, वारा असो, कडेच्या सगळ्या जागा रिकाम्या असोत, ते मधेच.

"इथून काय दिसतं तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"आल्झो," ते म्हणाले. त्यांचं कुठलंही वाक्य या 'आल्झो'शिवाय सुरू व्हायचं नाही, जसं आमच्या गणिताच्या मास्तरांचं 'तर मुलांनो'शिवाय व्हायचं नाही. "आल्झो, सकाळी बंगले उजवीकडे असतात. संध्याकाळी परत येताना डावीकडे. बोट वळली की बाजू बदलतात. रोज कोण जागा बदलत बसणार?"

मग खिशातून लाकडी मुठीचा घडीचा चाकू काढून ते सफरचंद कापायला घ्यायचे. अर्धं मला, अर्धं त्यांना. बिया नदीत. वर्षानुवर्षं हाच कार्यक्रम.

त्यांचं पूर्ण नाव एतिएन कोलाँ. नदीपलीकडच्या विमानाच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर ते बसायचे. फ्रान्सहून आलेले कागद आणि इथले जर्मन कागद शेजारी शेजारी ठेवून, एकाच खिळ्याला दोन्हीकडे एकच खिळा म्हटलंय ना, हे बघणं त्यांचं काम. राहायलाही आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मी पुण्याहून नवा नवा आलो तेव्हा जर्मन भाषेत माझं अडायचं, आणि त्यांची जर्मन फ्रेंच नाकातून यायची, त्यामुळे आमचं दोघांचं एकमेकांशी चांगलं जमलं. माझ्या बायकोने, मृदुलाने, पहिल्याच महिन्यात त्यांचं 'एतिएनराव' करून टाकलं. त्यांना 'राव' म्हणजे काय ते सांगितल्यावर ते म्हणाले, "आमच्याकडे रावांची डोकी उडवली होती. पण तुमच्या हातची वांगी मिळणार असतील तर चालेल."

ते जर्मन सरहद्दीलगतच्या लोरेन प्रांतातल्या एका खेड्यातले. सगळ्या मधलेपणाचं मूळ त्या खेड्यात होतं. "माझे आजोबा," ते सांगायचे, "एकाच घरात जन्मले आणि त्याच घरात वारले, पण तेवढ्यात त्यांचा देश चार वेळा बदलला. दर वेळी नवे लोक यायचे आणि विचारायचे, तू आमच्या बाजूचा की त्यांच्या? आजोबा म्हणायचे, मी गाईच्या बाजूचा. तिची धार काढायची वेळ झाली आहे."

मी त्यांना आमचा तळ्यात-मळ्यातचा खेळ शिकवला होता. पूर्ण नियम ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "आणि जो रेघेवरच उभा राहील तो?" मी म्हटलं, तो बाद. ते हसले. "गेनाऊ, अगदी बरोबर. आमच्या पक्षाचं तेच होतं."

त्यांचा पक्ष म्हणजे फ्रान्समधला एक मधला पक्ष. ना डावा, ना उजवा. एतिएनराव तरुणपणापासून त्याचे. त्या पक्षाला सगळे नावं ठेवायचे. डावे म्हणायचे हे लपलेले उजवे, उजवे म्हणायचे हे घाबरलेले डावे. एतिएनरावांना त्याचं काही वाटत नसे. "मधे उभं राहणाऱ्याला वारा दोन्हीकडून लागतो," ते म्हणायचे, "पण तो पडत नाही, कारण दोन्हीकडून लागतो."

हे नुसतं बोलणं नव्हतं. आमच्या खालच्या मजल्यावर फ्राऊ पेटरझेन नावाच्या बाई राहायच्या. मृदुलाची फोडणी पडली की त्यांच्या वाळत घातलेल्या चादरींना लसणाचा वास लागतो, अशी त्यांची तक्रार. दोनदा दारावर चिठ्ठी आली, तिसऱ्यांदा घरमालकाकडे जाते म्हणाल्या. एतिएनराव एका संध्याकाळी फुलं घेऊन त्यांच्याकडे गेले, मग मिठाई घेऊन आमच्याकडे आले, असं खालीवर चार फेऱ्या झाल्यावर तह ठरला. बुधवारी चादरी वाळणार, म्हणून बुधवारी आमच्याकडे फोडणी नाही. बदल्यात फ्राऊ पेटरझेन इतर दिवशी ब्र काढणार नाहीत. तेव्हापासून बुधवारी आमच्याकडे मेतकूट-भात. पुढे बाईंनी मृदुलाकडून भरल्या वांग्यांची कृती लिहून घेतली, तेव्हा एतिएनराव लग्न जमवलेल्या मामासारखे इमारतीत मिरवत होते.

जेवणाच्या टेबलावर मात्र त्यांचा एक कडक नियम होता. मऊ, गोल चकतीतून त्रिकोणी कापलेलं चीज असतं ना, त्याचं टोक कापायचं नाही. त्या टोकाला ते नाक म्हणायचे. चीजचं सगळं मार्दव मधे, म्हणजे नाकात असतं, आणि बाहेरच्या बाजूला नुसती जाड साल. जो नाक कापून घेतो तो सगळ्यांच्या वाट्याचं मऊ एकटा खातो. म्हणून बाजूने लांब कापायचं, की प्रत्येकाला थोडं मधलं आणि थोडी साल. पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा मी, मूळचा सांगलीचा गडी, सरळ नाकावर सुरी चालवली आणि तोंडात टाकलं. त्यांनी ताटली शांतपणे फिरवून उरलेली साल स्वतःकडे घेतली. हा नियम मला दोन वर्षांनी कळला, तोही आमच्या लेकीला, ईराला, ते शिकवत होते तेव्हा. मी लाजलो. ते म्हणाले, "तुम्ही पाहुणे होता. पाहुण्याला एकदा नाक माफ असतं."

मी आलो त्याच वसंतात फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती आणि पहिल्या फेरीत अघटित घडलं. अतिउजवा उमेदवार शेवटच्या दोघांत पोचला. सोमवारी सकाळी एतिएनराव काळा टाय लावून बोटीवर आले. दुसऱ्या फेरीत त्याला अडवायचं तर साध्या उजव्याला मत द्यायला हवं होतं, आणि साध्या उजव्याला त्यांनी जन्मात कधी मत दिलं नव्हतं. दोन आठवडे सफरचंद बंद. मग त्या रविवारी हॅम्बर्गच्या फ्रेंच वकिलातीत जाऊन त्यांनी मत दिलं. कपड्यांचा चिमटा खिशात घेऊन गेले होते, नाकाला लावायला.

"लावलात?" मी विचारलं.

"नाही. मतपेटीसमोर चाळे करायचे नसतात. पण खिशात धरून ठेवला होता."

मतपेटीबद्दल त्यांना देवघरासारखी आस्था होती. दर राष्ट्राध्यक्ष निवडणुकीला ते वकिलातीत मदतीला जायचे. एकदा मी आणि ईरा त्यांना डबा द्यायला गेलो तेव्हा दारातून पाहिलं. त्यांच्याकडे शिक्का वगैरे नसतो. टेबलावर प्रत्येक उमेदवाराच्या नावाच्या छापील कागदांचा गठ्ठा असतो. निदान दोन-चार वेगवेगळे कागद उचलायचे, म्हणजे कुणाला अंदाज येत नाही, आणि पडद्याआड जाऊन त्यातला एक पाकिटात घालायचा. पाकीट पारदर्शक पेटीत पडलं की पेटीजवळचा माणूस मोठ्याने पुकारतो, "आ व्होते!" म्हणजे, मत दिलं हो! त्या दिवशी ते पुकारायचं काम एतिएनरावांकडे होतं. निळा सूट, ताठ मान, आणि असा खणखणीत आवाज की ईरा माझ्या पायाला बिलगली. त्यानंतर घरात तिचा तोच खेळ. टपालपेटीत पत्र टाकलं, "आ व्होते!" काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकल्या, "आ व्होते!" मराठी तिला सगळं समजायचं, उत्तर ती जर्मनमध्ये द्यायची, पण ही फ्रेंच आरोळी मात्र तिची पहिल्या दिवसापासून अस्सल.

आता जेरारबद्दल सांगायला हवं. जेरार म्हणजे एतिएनरावांचे गावातले बालमित्र. एका बाकावर शिकले, एकाच तळ्यात पोहायला शिकले. जेरार गुरांचे डॉक्टर झाले आणि पुढे त्याच मधल्या पक्षातर्फे त्या भागाचे खासदार. गोठ्यातून थेट संसदेत. एतिएनरावांची बायको ओदील गावातल्याच दफनभूमीत होती. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, आपल्या सर्वपित्रीसारखा तो त्यांच्याकडे मृतांची आठवण करायचा दिवस, जेरार दरवर्षी तिच्या थडग्यावर शेवंतीची कुंडी ठेवून यायचे. आणि दर रविवारी संध्याकाळी दोघांचा फोन. वरच्या मजल्यावरून एतिएनरावांचं फ्रेंच भांडण आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. मृदुला कणीक मळता मळता म्हणायची, "आज जोरात आहेत." भांडणाच्या शेवटी मोठं हसणं यायचं आणि मग खुर्ची सरकवल्याचा आवाज. आमचा रविवार त्या खुर्चीने संपायचा.

खासदारकीच्या निवडणुकीचं मत मात्र वकिलातीत देता येत नसे, ते गावातच. पण फ्रेंच कायद्यात एक सोय आहे. आपल्याला जाता येत नसेल तर गावातल्याच एखाद्या मतदाराला आपल्या वतीने मत टाकायचा अधिकार देता येतो. तो पडद्याआड जातो आणि तुमचं पाकीट पेटीत टाकतो. त्याने आत काय घातलं हे कुणीही पाहत नाही. सगळा मामला शब्दावर. एतिएनरावांचं हे मत इतकी वर्षं जेरारच टाकत आले होते. म्हणजे उमेदवारही जेरार आणि मत टाकणारा हातही जेरारचा. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पोट धरून हसलो. आमच्याकडे हे ऐकलं तर लोक बूथ ताब्यात घेणं बंद करून फ्रान्सला शिकायला जातील, म्हटलं. एतिएनराव गंभीरपणे म्हणाले, "मी मत त्यालाच देणार होतो. मग त्यानेच टाकलं तर पोस्टाचा त्रास वाचतो."

मग फ्रान्सचे दिवस फिरले. एका शरदात शहरांबाहेरच्या वस्त्यांमध्ये रात्रीमागून रात्री गाड्या जळाल्या. पुढच्या वसंतात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. सरकार कायदे करायचं आणि मागे घ्यायचं. रविवारच्या भांडणांत हसणं कमी होत गेलं. दोन हजार सात सालच्या वसंतात पुन्हा राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली, मधल्या पक्षाचा माणूस शेवटच्या फेरीत पोचलाच नाही, आणि पक्षाचे खासदार एकेक करून जिंकणाऱ्या उजव्यांच्या दारात जाऊन उभे राहू लागले. त्याच सुमारास मृदुला एका रविवारी पोळपाट पुसता पुसता थांबली.

"अहो, वर आवाज नाही आज."

पुढच्या रविवारीही नव्हता.

सोमवारी बोटीवर मी विचारलं. एतिएनराव मधल्या बाकावर होते, चाकू मिटलेला, सफरचंद तसंच.

"आल्झो," ते म्हणाले आणि मिटलेला चाकू खिशात टाकला. "जेरार उजवीकडच्यांबरोबर गेला. जूनमध्ये त्यांच्या पाठिंब्यावर उभा आहे."

मी आपलं वातावरण हलकं करायला म्हटलं, "एतिएनराव, एवढं काय मनाला लावून घेता? आमच्याकडे माणूस सकाळी एका पक्षात असतो, दुपारी दुसऱ्याच्या पंगतीला. आम्ही नुसता हार कोणाचा ते बघतो."

"आणि तुमच्याकडे त्यांना मित्र असतात का?"

त्यांचा जबडा हलत होता. मला तो माणूस फार आवडायचा.

पेच साधा होता, म्हणूनच सुटत नव्हता. मत टाकायचा अधिकार अजून जेरारकडेच होता. तो काढून गावातल्या दुसऱ्या कुणाला द्यायचा, तर गावच्या कचेरीत ते सगळ्यांना कळणार, कारण कचेरी आणि बेकरी यांच्यामध्ये एकच भिंत. साठ वर्षं जुन्या मित्राने जेरारवरचा विश्वास काढून घेतला, हे पावाबरोबर घरोघर पोचणार. मग कसली रविवारची भांडणं आणि कसली शेवंती. आणि अधिकार तसाच ठेवायचा, तर त्यांचं मत त्यांच्या नावाने उजवीकडे पडणार. ते त्यांना मरणाहून नको होतं. जून अखेरपर्यंत नोकरी होती, पण रजा काढून ते गावी जाऊ शकले असते. "मी जाऊन काय करू?" ते म्हणाले. "त्याच्या डोळ्यांदेखत पडद्याआड जाऊ?"

मी पुणेरी सल्ला दिला. "अधिकार बदला. वकिलातीत दहा मिनिटांचं काम आहे."

"मी माझं मत पक्षाच्या हातात कधी दिलं नव्हतं. जेरारच्या हातात दिलं होतं. हात तोच आहे."

"हात तोच आहे हो, पण टाकणार कुणाला?"

"हो, हो," ते म्हणाले. "तेच तर."

मे महिन्यात जेरारच हॅम्बर्गला आले. स्वतः गाडी चालवत, एका शनिवारी. एतिएनरावांनी आदल्या दिवशी येऊन मृदुलाला विचारलं, जेवण तुमच्याकडे करता येईल का. "दोघंच असलो की आम्ही ओरडतो," ते म्हणाले. "तिसऱ्याच्या घरी माणूस सभ्यपणे भांडतो."

मृदुलाने वांगी केली, वरण-भात केला, आणि मोसम होता म्हणून पांढऱ्या स्पार्गेलची, म्हणजे इथल्या शतावरीच्या कोंबांची, मोहरी घालून भाजी. जेरार बुटके, रुंद, गुरं आवळून धरणारे हात. गावाकडचं चीज घेऊन आले होते. सरहद्दीचे असल्यामुळे जर्मन दोघांनाही येत होती आणि आमच्यासाठी ते जर्मनमध्येच बोलले. वांग्यांपर्यंत सगळं ठीक चाललं. स्पार्गेलला जेरारनी काटा खाली ठेवला.

"एतिएन, बोल एकदाचं."

"तू बोल. बाजू तू बदललीस."

"आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग बंद करताहेत," जेरार म्हणाले. "डोंगरातल्या पोरींनी बर्फात तासभर गाडीने जायचं बाळंत व्हायला. मी मधे बसून पाच वर्षं पत्रं लिहिली. छान उत्तरं आली. मध्यावर बसणाऱ्याला छान उत्तरं येतात. आता त्यांच्यात बसलो तर निदान दार ठोठावता येईल. आणि तू मला शिकवू नकोस. पाच वर्षांपूर्वी तूही मत उजवीकडेच दिलंस."

एतिएनरावांनी ओठ पुसले. "माझ्या घराला आग लागली होती. मी एक रात्र शेजाऱ्याकडे झोपलो. तू बिऱ्हाड हलवलंस, जेरार."

मृदुलाने कारण नसताना भात वाढला. जेरारचे डोळे लाल झाले होते, रागाने की कशाने ते मला कळलं नाही.

"मग काढून घे मत," ते म्हणाले. "बेकरीवाल्याला दे. मी रागावणार नाही."

"नाही."

एतिएनरावांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पांढरा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. साधा कोरा कागद. मतपत्रिकेच्या मापाचा, चाकूने कापलेला. त्यांच्याकडे कुणीच पसंत नसेल तर पाकिटात असा कोरा कागद घालायची पद्धत आहे. पण तो कचेरीत मिळत नाही, घरून न्यावा लागतो.

"हा माझ्या पाकिटात घाल," ते म्हणाले.

जेरार कागदाकडे पाहत राहिले. "माझ्या हाताने, माझ्याविरुद्ध?"

"विरुद्ध नाही. कोरा. विरुद्ध द्यायला मला दुसरा कोणी आवडत नाही."

"आणि मी नाही घातला तर? पडद्याआड कोण बघतंय?"

"कोणी नाही," एतिएनराव म्हणाले. "म्हणून तर तुला देतोय."

जेरारनी कागद उचलला, घडी न घालता कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. मग काय करावं हे न सुचून त्यांनी चीज पुढे ओढलं, सुरी घेतली आणि सरळ नाक कापलं. ईरा खुर्चीवरून उठून ओरडली, "दास दार्फ मान निश्ट!" असं नाही करायचं! जेरारनी तो मऊ तुकडा सुरीवरून उचलून एतिएनरावांच्या ताटात ठेवला.

एतिएनरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग पावाशिवाय, हाताने उचलून खाल्ला. मी त्यांना चीजचं नाक खाताना त्या एकदाच पाहिलं.

जूनमध्ये निवडणूक झाली. जेरार आरामात निवडून आले. त्या रविवारी संध्याकाळी वर फोन वाजला. आम्ही दोघं स्वयंपाकघरात श्वास रोखून उभे होतो, मृदुलाने तर कुकरचा गॅसही बंद केला. एतिएनरावांचा आवाज दोन-चार वाक्यं आला. भांडण नाही, हसणं नाही. खुर्ची सरकली.

दुसऱ्या दिवशी बोटीवर मी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाला, तुझं मत टाकलं."

"कसं टाकलं?"

"ते मी विचारलं नाही."

"अहो, विचारा ना! तुमच्या खेड्यात कोरी मतं किती निघाली ते कचेरीत कळेल. शून्य असतील तर शून्य."

ते सफरचंद कापत होते. अर्धं माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "विचारलं तर मग दिलं काय मी त्याला?"

मला हे पटलं नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच आला. मला आकडा हवा होता. ते बिया नदीत टाकत होते.

जुलैत ते निवृत्त होऊन कायमचे गावी निघाले. सामान आधीच गेलं होतं, त्यांना न्यायला जेरार गाडी घेऊन आले. पाऊस भुरभुरत होता. एतिएनराव ईराचा हात धरून रिकाम्या घरात शेवटची चक्कर मारायला वर गेले. फ्राऊ पेटरझेननी प्रवासाला म्हणून वांग्यांचा डबा दिला होता. तो हातात धरून मी गाडीजवळ उभा, आणि माझ्याशेजारी जेरार. मला राहवलं नाही. पण मी तोंड उघडायच्या आत तेच बोलू लागले.

"आमच्या गावात मोजणी सगळ्यांसमोर होते," ते म्हणाले. "शाळेच्या वर्गात. एक जण पाकीट उघडतो, दुसरा नाव वाचतो. मी टेबलाजवळ उभा होतो, सगळे माझ्या खांद्यावर थापा मारत होते. रागावलेल्या दोघा-चौघांनी कागदावर शिव्या लिहिल्या होत्या, ते बाद झाले. आणि मग एक निघाला कोरा. स्वच्छ. कड चाकूने कापलेली. तो चाकू गावात सगळ्यांना माहीत आहे, लहानपणी एतिएनने माझं नाव त्याच चाकूने वर्गातल्या बाकावर कोरलं होतं. वाचणाऱ्याने म्हटलं, 'कोरा.' आणि वर्गातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्याचं मत कोण टाकतं हेही सगळ्यांना माहीत आहे."

"मग तुम्ही..."

"पडद्याआड माझ्या हातात दोन्ही कागद होते. माझ्या नावाचा आणि तो. पंधरा निवडणुका लढलो असेन, पण तिथे उभं राहायला इतका वेळ मला कधी लागला नव्हता." त्यांनी पावसाने ओला झालेला चेहरा पुसला. "त्याने विचारलं नाही. तुम्हीही सांगू नका. न विचारता त्याला जे माहीत आहे ते तसंच राहू दे."

"आणि तो बाळंतपणाचा विभाग?"

"सध्या तरी उघडा आहे," ते म्हणाले. "सध्या तरी."

मी सांगितलं नाही. पुढे जेरारनी फोन करून एतिएनराव गेल्याचं कळवलं, तोपर्यंत सांगितलं नाही. आता शेवंतीच्या दोन कुंड्या नेतो, असं जेरार त्या फोनवर म्हणाले.

पण मला एतिएनराव दिसतात ते त्या जुलैच्या सकाळचे. ते जिना उतरून आले, ईरा पुढे उड्या मारत. खाली हाउसमाइस्टरच्या, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याच्या, पेटीपाशी थांबून त्यांनी घराची किल्ली पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं आणि पेटीच्या फटीतून आत सोडलं. किल्ली तळाशी आपटल्याचा आवाज झाला आणि ईरा दोन्ही हात वर करून ओरडली, "आ व्होते!"

एतिएनराव खळखळून हसले. जेरार हसले नाहीत. त्यांनी एकदम तोंड फिरवलं, गाडीला वळसा घालून दार उघडलं आणि तिथेच दाराला धरून उभे राहिले. एतिएनराव त्यांच्याकडे गेले. त्यांनी जेरारच्या मानेवर हात ठेवला, गाय बिथरली की ठेवतात तसा, आणि थोडा वेळ ठेवूनच राहिले. तेव्हा मला कळलं की आकडा त्यांना पहिल्यापासून माहीत होता.

"चल," जेरार शेवटी म्हणाले आणि डावीकडे स्टीअरिंगवर बसले. "बस. जागा उजवीकडची आहे, माझा इलाज नाही."

"आल्झो," एतिएनराव आत बसत म्हणाले, "प्रवासापुरता. बिऱ्हाड नाही."

गाडी निघाली. काच खाली होती. कोपऱ्यावर वळण्याआधी मला दिसलं, त्यांनी चाकू उघडला होता आणि सफरचंदाचा अर्धा भाग डावीकडे पुढे केला होता. जेरारनी रस्त्यावरची नजर न काढता तो घेतला. मग वळणावरून बिया बाहेर पडल्या, आमच्या रस्त्यावर. मृदुला म्हणाली, चला, पाऊस वाढतोय, आणि आम्ही वर गेलो.